स्मृति कोठें राहते?



माझ्या आयुष्याचीं पस्तीस वर्षें मुलांकडून पाठ करवून घेण्यांत गेलीं. पाढे, सनावळ्या, व्याकरणाचे नियम, नद्यांचे उगम आणि संगम, जें जें पाठ करतां येतें तें तें मीं पाठ करवून घेतलें. ज्याला तें आलें त्याला शाबासकी दिली आणि ज्याला आलें नाहीं त्याला बाकावर उभें केलें. स्मृति म्हणजे डोक्यांतील एक कोठार. जो कष्ट करील त्याचें भरेल, आळशाचें रिकामें राहील, अशी माझी सरळ समजूत होती. ही समजूत सेवानिवृत्त झाल्यावर मला सोडावी लागली. ती सोडण्यास दोन माणसें कारण झालीं. एक माझी थोरली बहीण. दुसरा अमेरिकेंतील एक साधा कामगार. त्याला मीं कधीं पाहिलें नाहीं, परंतु त्याच्याविषयीं जें मिळेल तें मी वाचीत आलों आहें. आज मुख्यतः त्या दुसऱ्याची हकीगत सांगावयाची आहे. मी वैद्य नव्हें, शास्त्रज्ञ तर नव्हेंच. माझें स्वतःचें शिक्षण मॅट्रिकपर्यंतचें. तेव्हां हें एका जुन्या शिक्षकाचें टिपण समजून ऐकावें.

स्मृति कोठें राहते, हा प्रश्न मनुष्य फार प्राचीन काळापासून विचारीत आला आहे. परंतु प्रयोगानें आणि निरीक्षणानें मनाच्या व्यापारांचीं स्थानें शोधण्याचा उद्योग अलीकडचाच. इ. स. १८६१ मध्यें पॅरिस येथील पॉल ब्रोका या शस्त्रवैद्याकडे एक रोगी आला. दुसऱ्याचें बोलणें त्याला समजत असे. पण त्याच्या तोंडून 'टान' या एका अक्षराखेरीज बहुधा दुसरें कांहीं निघत नसे. थोड्याच दिवसांत तो मरण पावला. ब्रोकानें त्याचा मेंदू तपासला, तेव्हां डाव्या बाजूच्या पुढील खंडाचा एक भाग नासलेला आढळला. वाचेला मेंदूंत एक विशिष्ट स्थान आहे, हें यावरून पुष्कळ विद्वानांस पटूं लागलें. मग साहजिकच दुसरा प्रश्न उभा राहिला. वाचेला स्थान आहे, तर स्मृतीला कां नसावें?

इ. स. १८८५ मध्यें हेर्मान एबिंगहाउस या जर्मन पंडितानें स्मृतीवरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. निरर्थक अक्षरसमूह स्वतःच पाठ करावयाचे आणि किती वेळानें किती विसरलें तें मोजावयाचें, हा त्याचा क्रम. विस्मरण आरंभीं झपाट्यानें होतें आणि पुढें मंदावतें, तसेंच एका बैठकीच्या घोकंपट्टीपेक्षां कांहीं दिवसांवर वांटून केलेली उजळणी अधिक टिकते, असें त्यानें दाखविलें. आम्हां शिक्षकांनीं त्याचें ऐकलें असतें तर मुलांचे बरेच हाल वांचले असते. पण एबिंगहाउसनें स्मृतीचें माप घेतलें. तिचें घर त्यानें शोधलें नाहीं. तो उद्योग पुढें कार्ल लॅशली या अमेरिकन शास्त्रज्ञानें केला. उंदरांना चक्रव्यूहांतून वाट काढण्यास शिकवावयाचें, मग त्यांच्या मेंदूच्या पृष्ठभागाचा कोणता तरी तुकडा काढून टाकावयाचा, आणि पुन्हां तीच वाट शोधावयास लावावयाचें, असे प्रयोग त्यानें अनेक वर्षें केले. कोठून कापलें यापेक्षां किती कापलें यावर विस्मरण अवलंबून असतें, असें त्याला दिसलें. १९५० सालीं त्यानें लिहिलेल्या निबंधाचें तात्पर्य असें कीं, स्मृतीचा ठसा अमुक जागीं आहे म्हणून बोट ठेवतां येत नाहीं. त्यानंतर तीनच वर्षांनीं असा एक प्रसंग घडला कीं, बोट ठेवावयास जागा मिळाली. तो शोध करण्याच्या हेतूनें मात्र कोणी घडवून आणलेला नव्हता.

हेन्री मोलेसन याचा जन्म २६ फेब्रुवारी १९२६ रोजीं अमेरिकेंतील कनेक्टिकट राज्यांत झाला. लहानपणींच त्याला फेफऱ्याचे बारीक झटके येऊं लागले आणि पंधराव्या वर्षाच्या सुमारास त्यांचें स्वरूप उग्र झालें. शाळेंत मुलें चिडवीत म्हणून त्यानें मध्येंच शाळा सोडली; पुढें दुसऱ्या शाळेंत जाऊन, वयानें मोठा झाल्यावर, तें शिक्षण त्यानें पुरें केलें. मग तो कारखान्यांत काम करूं लागला. परंतु झटके इतके वाढले कीं, तेंही अशक्य झालें. औषधांचा भरपूर मारा करूनही गुण येईना. अशा स्थितींत, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षीं, त्याच्या आईबापांनीं त्याला हार्टफर्ड येथील नामांकित शस्त्रवैद्य विल्यम स्कोव्हिल यांच्या स्वाधीन केलें.

तो काळ मेंदूवर शस्त्र चालविण्याच्या उत्साहाचा होता. मनोरुग्णांच्या मेंदूचे तंतु तोडण्याच्या शस्त्रक्रियेचे प्रवर्तक, पोर्तुगालचे एगास मोनिझ, यांस १९४९ चें नोबेल पारितोषिक मिळालेलें होतें. डॉक्टर स्कोव्हिल यांनीं अशा शस्त्रक्रिया पुष्कळ केलेल्या होत्या. २५ ऑगस्ट १९५३ रोजीं त्यांनीं हेन्रीच्या भुंवयांच्या वर कपाळाच्या हाडाला दोन भोकें पाडलीं, मेंदूचा पुढील भाग किंचित् उचलून धरला, आणि दोन्ही कानशिलांच्या आंतल्या अंगास खोल असलेला मेंदूचा भाग नळीनें शोषून काढला. त्या भागांत एक वांकडा अवयव असतो. समुद्रघोड्याशीं त्याचें साम्य पाहून सोळाव्या शतकांतील अरांझियो या इटालियन शारीरज्ञानें त्याला जें नांव दिलें, त्यावरून आजही त्याला हिप्पोकॅंपस म्हणतात. त्याचें कार्य काय, हें १९५३ मध्यें नीटसें कोणासच ठाऊक नव्हतें. कोणी त्याचा संबंध वास घेण्याशीं जोडीत असत. पुढें प्रसिद्ध केलेल्या निबंधांत ही शस्त्रक्रिया उघडउघड प्रायोगिक होती, असें खुद्द स्कोव्हिल यांनींच नमूद केलें आहे.

फेफरें पुष्कळ कमी झालें. त्या दृष्टीनें पाहतां शस्त्रक्रिया यशस्वी म्हणावयास हरकत नव्हती. परंतु रोगी उठून हिंडूंफिरूं लागला तेव्हां दिसून आलें कीं, रोज शुश्रूषा करणारीं माणसें त्याला ओळखतां येत नाहींत. शौचास जाण्याची वाट प्रत्येक वेळीं नव्यानें दाखवावी लागते. आणि दिवसभरांत काय घडलें याचा त्याच्या मनावर मागमूस राहत नाहीं. आईबाप, बाळपण, शाळा, जुने शेजारी हीं सर्व त्याला आठवत. शस्त्रक्रियेनंतरचें मात्र कांहींच टिकेना.

याच सुमारास कॅनडांतील मॉंट्रिऑल येथें ब्रेंडा मिल्नर या मानसशास्त्रज्ञ बाई काम करीत होत्या. तेथील वाइल्डर पेनफील्ड यांच्या दोन रोग्यांना, केवळ एका बाजूच्या शस्त्रक्रियेनंतर, असेंच विस्मरण जडल्याचें त्यांनीं नोंदविलें होतें. तें स्कोव्हिल यांच्या वाचनांत आलें, आणि मिल्नरबाई आगगाडीनें हार्टफर्डला आल्या. एप्रिल १९५५ मध्यें त्यांनीं हेन्रीची तपासणी केली. आज कोणती तारीख, असें विचारतां त्यानें मार्च १९५३ असें सांगितलें, आणि आपलें वय सत्तावीस. बुद्धिमापनांत मात्र त्याला ११२ गुण पडले, म्हणजे सर्वसाधारण माणसापेक्षां कांहीं अधिकच. बोलणें सुसंबद्ध, शब्दसंपत्ति चांगली, वागणूक अत्यंत सौजन्याची. बुद्धि जागेवर, भाषा जागेवर, स्वभाव जागेवर; आणि नवी आठवण तेवढी शून्य! स्मृति म्हणजे एकंदर बुद्धीचाच एक अंश असती तर असें घडतें ना. १९५७ सालीं स्कोव्हिल आणि मिल्नर यांनीं मिळून हा वृत्तांत प्रसिद्ध केला. रोग्याचें नांव गुप्त ठेवून त्यांत केवळ एच्. एम्. एवढींच आद्याक्षरें दिलेलीं होतीं. पुढें अर्धें शतक जगानें त्याला याच नांवानें ओळखलें.

या तपासण्यांतील दोन प्रसंग मला फार बोधप्रद वाटतात.

पहिला प्रसंग असा. मिल्नरबाईंनीं त्याला ५८४ हा आंकडा लक्षांत ठेवावयास सांगितला आणि त्या बाहेर निघून गेल्या. पाव तासानें परत येऊन पाहतात तों त्यानें आंकडा अचूक सांगितला. हें कसें साधलें, असें विचारतां तो म्हणाला कीं, पांच, आठ आणि चार मिळून सतरा होतात, सतरांतून आठ वजा केले कीं नऊ उरतात, नवाचे दोन भाग केले कीं पांच आणि चार, म्हणजे ५८४. सारा वेळ तो मनांत ही आंकडेमोड घोळवीत बसला होता. पण त्याचें लक्ष दुसरीकडे वेधल्यावर मिनिटाभरानें पाहावें, तर आंकडाही गेला, युक्तीही गेली, आणि आपल्याला कांहीं लक्षांत ठेवावयास सांगितलें होतें हीही गोष्ट गेली. म्हणजे मनांत क्षणभर धरून ठेवणें निराळें आणि तें सांठवून ठेवणें निराळें. वर्गांत मी एखादी व्याख्या सांगावी, मुलानें ती लगेच बिनचूक म्हणून दाखवावी, आणि दुसऱ्या दिवशीं त्याला तिचा गंधही नसावा, असें शेंकडों वेळां झालें आहे. 'काल तर येत होतें!' असें म्हणून मी रागावत असे. काल तें त्याच्या हातांत होतें, कोठारांत गेलेलेंच नव्हतें, हें मला समजलें नव्हतें.

दुसरा प्रसंग याहूनही नवलाचा. कागदावर चांदणीची आकृति दुहेरी रेघांनीं काढलेली; त्या दोन रेघांच्या मधून पेन्सिलीनें तिसरी रेघ ओढावयाची; मात्र आपला हात आणि कागद थेट पाहावयाचा नाहीं, आरशांत पाहून काम करावयाचें. घरीं करून पाहावें. पहिल्या खेपेस हात भलतीकडेच जातो. हेन्रीनें तीन दिवस हा अभ्यास केला. रोज चुका कमी होत गेल्या, आणि तिसऱ्या दिवशीं त्याचा हात सफाईनें फिरूं लागला. परंतु प्रत्येक दिवशीं तो कागद पुढें ठेवला कीं, हें काम आपण पूर्वीं केल्याची त्याला आठवण नसे! शेवटीं आपलें काम इतकें चांगलें साधलेलें पाहून त्याचें त्यालाच आश्चर्य वाटलें. हें कठीण जाईल अशी त्याची कल्पना होती. मिल्नरबाईंनीं १९६२ मध्यें हा प्रयोग प्रसिद्ध केला.

याचा अर्थ काय? हाताला जें येत होतें तें मनाला ठाऊक नव्हतें. स्मृति ही एकच वस्तु नसून तिचे निदान दोन निराळे कारखाने मेंदूंत चालतात. 'काय घडलें' हें सांठविण्याचें काम हिप्पोकॅंपस आणि त्याच्या शेजारचे भाग यांवांचून होत नाहीं. 'कसें करावें' हें शिकण्याचें काम मात्र मेंदूच्या दुसऱ्या भागांकडे आहे. पोहणें, सायकल चालविणें, सुईनें विणणें हें सारें तिकडचें. शिवाय जुन्या आठवणी हेन्रीपाशीं शिल्लक होत्या. यावरून हेंही दिसलें कीं, हिप्पोकॅंपस ही आठवणी कायमच्या ठेवण्याची जागा नसून त्या पक्क्या करण्याची जागा असावी. लॅशलीचें म्हणणें सर्वस्वीं खोटें नव्हतें. परंतु जो दरवाजा ओलांडल्यावांचून आठवण आंत जात नाहीं, तो त्याच्या उंदरांच्या प्रयोगांत नजरेआड राहिला.

यापुढें संशोधनाला वेग आला. १९७३ सालीं ब्लिस आणि लोमो यांनीं सशाच्या हिप्पोकॅंपसवर प्रयोग करून दाखविलें कीं, तेथील तंतूंना थोडा वेळ जलद विद्युत्-संदेश दिले तर पेशींमधील जोड पुढें कित्येक तास बळकट राहतात. शिकणें म्हणजे पेशींचे जोड बळकट होणें, या कल्पनेस त्यामुळें मोठा आधार मिळाला. २००० सालीं लंडनच्या टॅक्सीचालकांची पाहणी झाली. शहरांतील हजारों गल्ल्या पाठ असलेल्या या मंडळींच्या हिप्पोकॅंपसचा मागील भाग इतरांपेक्षां मोठा आढळला.

याच विषयांतील एक जुना प्रयोग येथें सांगितला पाहिजे, कारण पुढें त्याचा संबंध येणार आहे. जिनीव्हा येथील एदुआर क्लापारेद या डॉक्टरांकडे एक स्मृतिभ्रंश झालेली स्त्री होती. डॉक्टर रोज भेटत तरी ती त्यांना ओळखीत नसे. एके दिवशीं त्यांनीं बोटांमध्यें टांचणी लपवून तिच्याशीं हस्तांदोलन केलें. पुढच्या वेळीं त्यांनीं हात पुढें करतांच तिनें आपला हात मागें घेतला. कां घेतला, तें तिला सांगतां येईना. हा वृत्तांत १९११ मध्यें प्रसिद्ध झाला. टोंचल्याची गोष्ट ती विसरली होती. भीति विसरली नव्हती.

हेन्री पंचावन वर्षें अशा स्थितींत जगला. प्रथम आईबापांजवळ, मग एका नातेवाइकाकडे आणि शेवटीं शुश्रूषागृहांत. तो शब्दकोडीं सोडवी, लोकांशीं आदबीनें बोले, आणि तपासणीस कधीं कुरकुर करीत नसे. सुझान कॉर्किन या बाईंनीं त्याचा चाळीस वर्षांहून अधिक काळ अभ्यास केला. त्यांनाही तो प्रत्येक वेळीं नव्यानें भेटे. त्याच्या आवडत्या मामांच्या मृत्यूची वार्ता त्याला सांगितली तेव्हां तो फार व्याकुळ झाला. मग ती विसरला, आणि मामा भेटावयास कधीं येणार, असें पुन्हां विचारूं लागला.

ज्या माणसानें शास्त्राला इतकें दिलें त्याची संमति कोणीं कशी घेतली, हा प्रश्नही येथें टाळतां येत नाहीं. दिलेली संमति ज्याला पांच मिनिटांनीं आठवत नाहीं, तिचें मोल काय धरावें? खुद्द स्कोव्हिल यांचे नातू ल्यूक डिट्रिक यांनीं २०१६ सालीं या प्रकरणावर ग्रंथ लिहून असे अनेक अवघड प्रश्न विचारले. स्कोव्हिल यांनीं स्वतः या शस्त्रक्रियेच्या परिणामांविषयीं इतर वैद्यांस सावध केलें होतें, हेंही सांगणें न्याय्य होईल.

२ डिसेंबर २००८ रोजीं, वयाच्या ८२ व्या वर्षीं, हेन्री वारला. तेव्हां जगाला त्याचें पुरें नांव कळलें. बरोबर एक वर्षानें कॅलिफोर्नियांतील सॅन डिएगो येथें त्याचा मेंदू गोठवून त्याचे २४०१ पातळ काप घेण्यांत आले. ५३ तास चाललेलें हें काम लोकांनीं घरबसल्या संगणकावर पाहिलें. २०१४ मध्यें त्याचा अहवाल प्रसिद्ध झाला. हिप्पोकॅंपसचा मागील बराच भाग शिल्लक होता, पण त्याच्याकडे वार्ता पोंचविणारा शेजारचा भाग जवळजवळ सर्व गेलेला होता, असें त्यावरून दिसलें.

आतां माझ्या बहिणीविषयीं. ताई माझ्याहून बारा वर्षांनीं मोठी. यजमान गेल्यावर ती आमच्या घरीं राहावयास आली. दोनतीन वर्षांत तिचें विसरणें वाढलें. वैद्यांनीं अल्झायमरची व्याधि म्हणून सांगितलें. आलॉइस अल्झायमर या जर्मन डॉक्टरांनीं १९०६ मध्यें जिचें प्रथम वर्णन केलें तीच ही. हेन्रीची इजा एका दिवसाची होती. ही व्याधि हळूहळू सारा मेंदू ग्रासते. पण तिचा घाला आरंभीं बहुधा त्याच भागावर पडतो.

रोज संध्याकाळीं ताई विचारी, "अण्णा आले कां रे बाजारांतून?" अण्णा म्हणजे आमचे वडील. मी शिक्षक, खरें तें सांगितलेंच पाहिजे, ही माझी शिस्त. "अगं ताई, अण्णांना जाऊन तीस वर्षें झालीं," असें मी म्हणें. ती पदर डोळ्यांना लावून रडत बसे. थोड्या वेळानें पुन्हां तोच प्रश्न, पुन्हां तेंच उत्तर, पुन्हां तेंच रडणें. कधीं कधीं माझा तोल जाई आणि मी ओरडें, "किती वेळां सांगूं?" हें वाक्य मीं वर्गांत किती वेळां उच्चारलें असेल, त्याची गणति नाहीं.

हेन्रीच्या मामांची गोष्ट वाचली त्या रात्रीं मला झोंप आली नाहीं. जिला मी रोज आठवण करून देत होतों, तिला मी रोज नव्यानें पोरकी करीत होतों. ती जुनें दुःख आठवून रडत नव्हती. तिला ती वार्ता प्रत्येक वेळीं पहिल्यानेंच कळत होती. आणखी एक गोष्ट ध्यानांत आली. मी रागावलों कीं तें ती घटकाभरांत विसरे, पण त्या दिवशीं रात्रीं माझ्या हातचें दूध घेत नसे. कां, तें तिला सांगतां येत नसे. क्लापारेदच्या त्या बाईचा हात मला तेव्हां आठवला.

दुसऱ्या दिवसापासून मीं उत्तर बदललें. खोटें बोलवेना, म्हणून मी उलट विचारूं लागलों, "अण्णा बाजारांतून काय आणीत असत गं?" मग ती जिलबीचा पुडा, पाटीवरची पेन्सिल, आईसाठीं आणलेली वेणी असें एकेक सांगत बसे. तें सारें तिच्यापाशीं शाबूत होतें, आणि त्यांतलें अर्धें मलाच ठाऊक नव्हतें.

त्या वर्षीं दिवाळींत माझ्या पत्नीनें सहज रांगोळीचें भांडें तिच्यापुढें ठेवलें. आज कोणता सण हें ताईला सांगतां आलें नसतें. सुनेचें नांव तर केव्हांच गेलें होतें. पण ती खालीं बसली, आणि तेरा ते सात ठिपक्यांची रांगोळी तिनें एकही ठिपका न चुकतां घातली. पुरी झाल्यावर तिनें विचारलें, "किती छान! कोणीं काढली गं?" ताईला जाऊन आतां दोन वर्षें झालीं.

मेंदूचें शास्त्र माणसाला यंत्र ठरवितें, असा कांहीं लोकांचा त्यावर आक्षेप आहे. मला तसा अनुभव आला नाहीं. ताईचें विसरणें हा हट्ट नव्हे, दुर्लक्ष नव्हे, हें मला या शास्त्रानें सांगितलें, आणि माझा राग निराधार ठरविला. तिच्याशीं कसें बोलावें हें मात्र त्यांत लिहिलेलें नव्हतें. तें मलाच शोधावें लागलें. बाकावर उभीं केलेलीं मुलें आतां मोठीं होऊन संसाराला लागलीं आहेत. त्यांपैकीं कोणी हें भाषण ऐकत असेल, तर त्याला एवढेंच सांगावयाचें आहे कीं, गुरुजींचाही धडा जरा उशिरांच पाठ झाला.